मूत्रपिंड आम्ल बाहेर टाकते म्हणजे नेमके काय करते? रॉबर्ट पिट्स यांच्या प्रयोगाची गोष्ट

नागपूरच्या आसपासच्या संत्रा बागायतदाराला 'सामू' हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात सामूचा आकडा असतोच, आणि सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्लधर्मी, सातच्या वर अल्कधर्मी, एवढे काटोल-नरखेडकडच्या शेतकऱ्याला पाठ असते. पण तोच शेतकरी धंतोलीतल्या एखाद्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेला असताना 'वडिलांच्या रक्तात ॲसिड वाढले आहे, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही' असे त्याला सांगितले गेले, तर त्याच्या मनात पहिल्यांदा येते ती पोटातली जळजळ. ॲसिडिटी तर घरात सगळ्यांनाच होते, मग त्यासाठी अतिदक्षता विभाग कशाला, हा प्रश्न मी शरीरक्रियाशास्त्र शिकवण्याच्या काळात रुग्णांच्या नातेवाइकांकडून अनेकदा ऐकला आहे. प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, त्यामुळे हा घोळ होतो.

जठरातला रस मुळातच तीव्र आम्लधर्मी असतो. त्याचा सामू दीड-दोनच्या आसपास असणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे, आणि तो वर अन्ननलिकेत आला की जळजळ होते. रक्ताचा सामू याच्याशी बांधलेला नाही. तो 7.35 ते 7.45 या अरुंद पट्टीत राहतो, म्हणजे मातीच्या भाषेत रक्त किंचित अल्कधर्मी असते. डॉक्टर ज्याला आम्लाधिक्य म्हणतात, त्यातही ते बहुतेक वेळा सातच्या वरच असते, फक्त 7.35 च्या खाली उतरलेले असते. सामू साधारण 6.8 च्या खाली किंवा 7.8 च्या वर गेला तर माणूस वाचणे फार कठीण होते. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, कारण सामूची मोजपट्टी सरळ नाही. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग या मद्यनिर्मिती कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन सोरेनसेन यांनी 1909 मध्ये ती सुचवली, आणि तिच्यात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. 7.4 चा सामू 7.1 झाला, तर रक्तातल्या हायड्रोजन आयनांचे (ज्या विद्युतभारित कणांमुळे द्रव आम्लधर्मी होतो, त्यांचे) प्रमाण दुप्पट झालेले असते: लिटरमागे 40 नॅनोमोलवरून 80 नॅनोमोलवर. नॅनोमोल, मिलीमोल ही डझनासारखी मोजण्याची मापे आहेत आणि दहा लाख नॅनोमोलचा एक मिलीमोल होतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे समजण्यास पुरेसे आहे. रक्तात सोडियम लिटरमागे 140 मिलीमोल असते. म्हणजे सोडियमच्या सुमारे 35 लाख कणांमागे हायड्रोजनचा एक आयन असतो, आणि शरीराची सारी दक्षता या एकट्या कणावर खिळलेली असते. प्रथिनांचा आकार आणि विकरांचे (एन्झाइमांचे) काम त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते, म्हणून.

आता आम्ल येते कुठून, ते पाहू. सर्वांत मोठा ओघ कार्बन डायऑक्साइडचा असतो. अन्न जाळताना रोज सुमारे 15,000 मिलीमोल इतका हा वायू तयार होतो, पाण्यात विरघळून त्याचे कार्बोनिक आम्ल बनते, आणि फुप्फुसे तो श्वासावाटे बाहेर सोडतात. त्याच्याशी मूत्रपिंडांचा थेट संबंध नाही. मूत्रपिंडांच्या वाट्याला येते ते वायूत न बदलणारे आम्ल. प्रथिनांतल्या गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते, आणि ते श्वासातून जाऊ शकत नाही. ढोबळ मानाने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज एक मिलीमोल, म्हणजे 60 किलोच्या माणसात 60 मिलीमोल असे आम्ल जमते. सावजी मटणाच्या ताटाने ते थोडे वाढते. पण वरण, भात आणि भाकरीतूनही ते तयार होते, कारण धान्य आणि डाळींच्या प्रथिनांतही गंधक असतेच. इथे जिभेची साक्ष उपयोगाची नाही. ज्याला आंबट चव मुळीच नाही ते मटण शरीरात आम्ल निर्माण करते, आणि आंबट संत्र्याचा परिणाम उलट होतो. संत्र्यातले सायट्रिक आम्ल पेशींत जळून त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, म्हणजे ते मागे काहीच ठेवत नाही. पण त्याच रसात पोटॅशियमचे सायट्रेट असते आणि ते जळताना बायकार्बोनेट मागे उरते. बायकार्बोनेट म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातला अल्कधर्मी भाग.

साठ मिलीमोल हा आकडा लहान वाटेल. पण रक्तात मोकळे हायड्रोजन आयन मिलीमोलच्या लाखाव्या भागांत मोजावे लागतात, हे आठवले की एका दिवसाचे आम्ल रक्तात तसेच मोकळे पडले तर काय होईल याची कल्पना येते. तसे होत नाही, याचे कारण काळ्या मातीत सापडते. भारी काळ्या जमिनीत थोडे आम्ल मिसळले तरी तिचा सामू फारसा हलत नाही. हलक्या, रेताड जमिनीचा मात्र लगेच घसरतो. चिकणमाती आणि चुनखडी आम्ल शोषून धरतात. रक्तात हेच काम प्रामुख्याने बायकार्बोनेट करते: हायड्रोजन आयन आला की त्याला पकडून त्याचे कार्बोनिक आम्ल, आणि मग पाणी व कार्बन डायऑक्साइड बनवते. अमेरिकेतील लॉरेन्स हेंडरसन यांनी 1908 मध्ये या संबंधाचे समीकरण मांडले, आणि डेन्मार्कच्या कार्ल हॅसलबाल्ख यांनी 1916 मध्ये त्याला सामूच्या भाषेतले रूप दिले. वैद्यकाच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यातल्या लॉगरिदमला शिव्या घातल्या. 1965 मध्ये कॅसिरर आणि ब्लाइख या दोघांनी तेच समीकरण पुन्हा साध्या अंकगणितात आणले: 24 ला कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने गुणायचे आणि बायकार्बोनेटने भागायचे, की हायड्रोजन आयनांचा आकडा नॅनोमोलमध्ये मिळतो.

अतिदक्षता विभागातल्या 'एबीजी' (धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी) अहवालावर हे दोन्ही आकडे असतात. निरोगी माणसात दाब 40 आणि बायकार्बोनेट 24, म्हणून उत्तर 40. समजा, मूत्रपिंडे कमजोर झाल्यामुळे बायकार्बोनेट 12 पर्यंत खाली आले. फुप्फुसांनी काहीच केले नाही, तर उत्तर 80 येईल, म्हणजे सामू 7.10. पण फुप्फुसे स्वस्थ बसत नाहीत. श्वास खोल आणि जलद होतो, दाब 26 च्या आसपास उतरतो आणि उत्तर 52 येते, म्हणजे सामू सुमारे 7.28. रुग्णाला धाप लागलेली दिसते तेव्हा नातेवाइकांना फुप्फुसे बिघडली असे वाटते. प्रत्यक्षात कित्येकदा ती मूत्रपिंडांची उणीव भरून काढत असतात. मात्र ती तात्पुरती उसनवारी असते. खर्च झालेले बायकार्बोनेट फुप्फुसे परत देऊ शकत नाहीत. ते देणे एकट्या मूत्रपिंडांना जमते, आणि कसे जमते हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नीटसे कुणालाच माहीत नव्हते.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. गाळलेल्या प्रत्येक लिटरमध्ये 24 मिलीमोल बायकार्बोनेट असते. गुणाकार केला तर दिवसाला 4,300 मिलीमोलहून अधिक. खाण्याच्या सोड्याच्या हिशेबात हे सुमारे 360 ग्रॅम होतात. एवढा सोडा रोज मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांत उतरतो आणि मूत्रात जवळजवळ काहीच सापडत नाही, म्हणजे तो सगळा परत रक्तात घेतला जातो. ही झाली वसुली. पण निव्वळ वसुलीने भागत नाही, कारण रोजच्या 60 मिलीमोल आम्लाला मारताना तेवढेच बायकार्बोनेट खर्ची पडलेले असते, आणि ते गाळण्यापूर्वीच संपलेले असते. ते नव्याने तयार करावे लागते. दुसरीकडे, मूत्राचा सामू 4.5 पर्यंत उतरू शकतो, म्हणजे ज्या रक्तातून ते गाळले गेले त्याच्या सुमारे आठशे पट हायड्रोजन आयन त्यात असू शकतात. किंचित अल्कधर्मी रक्तातून इतके आम्लधर्मी मूत्र निघते कसे?

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्रँकलिन पिट्स (1908 ते 1977) यांनी या प्रश्नाला हात घातला तेव्हा त्याची तीन उत्तरे चर्चेत होती. पहिले असे, की रक्तात फॉस्फेट दोन रूपांत असते, एक अल्कधर्मी आणि एक आम्लधर्मी. नलिका अल्कधर्मी रूप परत शोषून घेतात आणि आम्लधर्मी रूप मूत्रात उरते. दुसरे असे, की रक्तात विरघळलेले कार्बोनिक आम्ल गाळले जाते, बायकार्बोनेट परत शोषले जाते आणि मागे राहिलेले कार्बोनिक आम्ल मूत्राला आम्लधर्मी करते. या दोन्ही मतांत मूत्रपिंड ही निवडक चाळणी ठरते: आम्ल आधीपासूनच होते, तिने फक्त त्याच्या सोबतीचे बाजूला काढले. तिसरे मत वेगळे होते. नलिकेच्या पेशी स्वतः हायड्रोजन आयन तयार करून नलिकेत ढकलतात आणि त्या बदल्यात सोडियम परत घेतात, असे त्यात मानले होते. ज्यांच्या प्रयोगशाळेत पिट्स घडले, त्या होमर स्मिथ यांचा कल याच बाजूला होता. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

पिट्स आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर यांनी 1945 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला शिकवायला नेहमीच आवडला, कारण त्यात महागड्या यंत्रापेक्षा हिशेब अधिक आहे. त्यांनी आधी आम्ल देऊन कुत्र्यांत आम्लाधिक्य निर्माण केले, आणि मग त्यांच्या शिरेतून फॉस्फेटचे द्रावण मोठ्या प्रमाणात सोडले. फॉस्फेट हायड्रोजन आयन पकडून ठेवते, म्हणजे मूत्रात आम्ल साठवण्यासाठी त्यांनी जणू जास्तीची पोती पुरवली. मिनिटाला किती द्रव गाळला जातो ते मोजले, आणि मूत्रात किती आम्ल आले तेही मोजले. हे दुसरे मोजमाप शाळेत ब्युरेट हाताळलेल्या कुणालाही समजेल: मूत्रात थेंबथेंब अल्क घालत त्याचा सामू रक्ताच्या सामूइतका आणायचा, आणि त्याला किती अल्क लागले ते पाहायचे.

आता जमाखर्च मांडा. पहिले मत खरे असेल, तर मूत्रातले आम्ल हे गाळल्या गेलेल्या आम्लधर्मी फॉस्फेटपेक्षा अधिक असूच शकत नाही, आणि रक्ताच्या सामूला एकूण फॉस्फेटचा साधारण पाचवा हिस्साच त्या रूपात असतो; आम्लाधिक्यात थोडा अधिक. दुसरे मत खरे असेल, तर वरची मर्यादा गाळल्या गेलेल्या कार्बोनिक आम्लाची, म्हणजे लिटरमागे सुमारे एक मिलीमोलची. प्रत्यक्षात पोती पुरवल्यावर बाहेर आलेल्या आम्लाने या दोन्ही मर्यादा ओलांडल्या. शिवाय, फॉस्फेटऐवजी क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ) भरपूर दिले तरी आम्ल वाढले. म्हणजे फॉस्फेटच हवे असेही नाही, आयन धरून ठेवणारे काहीतरी नलिकेत असले की झाले. गाळण्यातून जेवढे येऊ शकते त्याहून अधिक बाहेर पडत असेल, तर उरलेले वाटेत घातले गेले असले पाहिजे. गाईच्या सडातून निघाले त्याहून जास्त दूध डेअरीत पोहोचले, तर त्यात कुणीतरी काहीतरी मिसळले आहे हे समजायला रसायनशास्त्र लागत नाही. हायड्रोजन आयन नलिकेच्या पेशीच स्रवतात, हे अशा रीतीने वजाबाकीने सिद्ध झाले. पुढे 1948 मध्ये पिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवरही असेच प्रयोग करून तोच निष्कर्ष काढला. नंतर ते कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

या निष्कर्षाचा खरा अर्थ पेशीच्या दुसऱ्या बाजूला पाहिल्यावर कळतो. पेशी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेते आणि त्यांतून दोन कण बनवते: एक हायड्रोजन आयन आणि एक बायकार्बोनेट. हायड्रोजन आयन नलिकेत जातो आणि बायकार्बोनेट रक्तात. प्रत्येक वेळी, एकास एक. नलिकेत गेलेल्या आयनाला तिथे गाळलेले बायकार्बोनेट भेटले, तर दोघांचे मिळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. म्हणजे नलिकेत एक बायकार्बोनेट नाहीसे झाले आणि रक्तात एक आले. वसुली ती हीच. पण त्याला नलिकेत बायकार्बोनेटऐवजी फॉस्फेट भेटले, तर तो त्याच्यावर बसून मूत्रातून बाहेर जातो, आणि रक्तात आलेले बायकार्बोनेट ही निव्वळ नवी कमाई ठरते. वसुली आणि नवनिर्मिती ही दोन वेगळी कामे नाहीत. यंत्र एकच आहे, फक्त आयनाला पलीकडे कोण भेटले यावर निकाल ठरतो. म्हणून 'किडनी ॲसिड बाहेर टाकते' हे वाक्य अर्धेच आहे. मूत्रातून गेलेल्या आम्लाच्या प्रत्येक कणामागे रक्ताच्या खात्यात बायकार्बोनेटचा एक कण जमा होतो, आणि रुग्णाला खरी गरज असते ती या जमा बाजूची.

हे खाते भरून वाहू लागले तर काय, याचेही उत्तर पिट्स यांच्या गटाने 1949 मध्ये दिले. माणसांना बायकार्बोनेट देत देत रक्तातली पातळी वाढवली, तेव्हा एका मर्यादेपर्यंत मूत्रात ते जवळपास आलेच नाही, आणि पातळी लिटरमागे 28 मिलीमोलच्या आसपास पोहोचल्यावर वरचे सगळे मूत्रात सांडू लागले. अल्कधर्मी पाण्याची यंत्रे घरोघरी विकणाऱ्यांनी हा प्रयोग सोयीस्करपणे बाजूला ठेवलेला असतो. ते पाणी आधी जठरातल्या आम्लात पडते, आणि त्यातून जे थोडेफार अल्क रक्तात पोहोचेल ते निरोगी मूत्रपिंड काही तासांत बाहेर काढते. बदलतो तो मूत्राचा सामू. रक्ताचा जिथल्या तिथे राहतो.

कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची जोडणी आपोआप फार सावकाश होते; तिला वेग देणारे विकर म्हणजे कार्बोनिक ॲनहायड्रेज. त्याची साक्ष एका औषधाच्या दुष्परिणामातून मिळाली. 1930 च्या दशकात जंतुसंसर्गावर सल्फानिलामाइड दिले जाऊ लागले, आणि काही रुग्णांचे मूत्र अल्कधर्मी होऊन रक्तात आम्लाधिक्य होते असे दिसले. 1940 मध्ये हे औषध याच विकराला अडवते हे कळले, आणि पुढच्याच वर्षी ते विकर मूत्रपिंडात सापडले. विकर अडले की आयन बनत नाहीत, आयन नाहीत म्हणून वसुली नाही, आणि सोडा मूत्रात वाहून जातो. लेहला जाण्यापूर्वी अनेक पर्यटक डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲसिटाझोलामाइड घेतात, ते याच वंशातले औषध आहे. मुद्दाम केलेल्या या सौम्य आम्लाधिक्यामुळे श्वास वाढतो आणि विरळ हवेत तो उपयोगी पडतो.

पण अजून एक अडचण उरतेच, आणि मला ती सगळ्यांत मोठी वाटते. साठ-सत्तर मिलीमोल आम्ल मोकळ्या हायड्रोजन आयनांच्या रूपात बाहेर टाकायचे, आणि मूत्राचा सामू 4.5 च्या खाली नेता येत नाही, अशी अट घातली, तर दिवसाला सुमारे दोन हजार लिटर मूत्र तयार करावे लागेल. म्हणूनच पोती लागतात. फॉस्फेटची पोती आहेत, पण ती आहारातून येतात आणि मर्यादित असतात. मग मूत्रपिंड स्वतःच पोती विणते: अमोनिया. नॅश आणि बेनेडिक्ट यांनी 1921 मध्ये दाखवले, की मूत्रातला अमोनिया रक्तातून गाळून येत नाही, मूत्रपिंडातच तयार होतो. कारण मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या रक्तात तो आत जाणाऱ्या रक्तापेक्षा अधिक असतो. तो ग्लुटामिन या अमिनो आम्लापासून बनतो, हे डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1943 मध्ये सिद्ध केले. (सार्वजनिक मुतारीत नाकात जाणारा अमोनिया हा नव्हे, तो जंतूंनी नंतर युरिया फोडून तयार केलेला असतो.) अमोनियाने हायड्रोजन आयन धरला की त्याचा अमोनियम होतो, आणि ग्लुटामिन मोडताना रक्ताला बायकार्बोनेट मिळते. आपल्या रोजच्या आम्लाचा निम्म्याहून अधिक भाग साधारणपणे याच मार्गाने जातो. आम्लाचा भार वाढला तर फॉस्फेट फारसे वाढत नाही, पण अमोनियाचे उत्पादन तीन ते पाच दिवसांत कित्येक पटींनी वाढू शकते. दिवसांचा हा हिशेब महत्त्वाचा आहे: फुप्फुसे काही मिनिटांत प्रतिसाद देतात, मूत्रपिंडांना काही दिवस लागतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि जुलाब-उलट्यांचे रुग्ण येत असतात, तेव्हा हा उशीर जाणवतो. जुलाबातून पाण्याबरोबर बायकार्बोनेटही जाते. पटकीच्या रुग्णांच्या रक्तात पाणी आणि अल्क दोन्ही कमी झालेले असतात, हे विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने 1831 मध्येच नोंदवले होते. तेच पुढे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. ओआरएसच्या पुडीत मीठ आणि ग्लुकोजबरोबर लिटरमागे 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते, ते हीच तूट भरण्यासाठी. पूर्वी तिथे सरळ खाण्याचा सोडा असे, पण दमट हवेत ती पूड टिकत नसे. सायट्रेट टिकते, आणि शरीरात जळून बायकार्बोनेटच देते. संत्र्यातले रसायन ते हेच.

पिट्स यांच्या निष्कर्षाचा रुग्णांच्या निदानासाठी उपयोग करून घेणाऱ्यांत ब्रिटिश मूत्रपिंडतज्ज्ञ ऑलिव्हर रॉंग (1925 ते 2012) यांचे नाव आधी घ्यावे लागते. आडनावाचा इंग्रजी अर्थ 'चूक' असला तरी त्यांची चाचणी अर्धशतकाहून अधिक काळ बरोबर निघाली आहे. रॉंग आणि डेव्हिस यांनी 1959 मध्ये ती मांडली: वजनाच्या दर किलोमागे 0.1 ग्रॅम अमोनियम क्लोराइड तोंडाने द्यायचे आणि पुढचे काही तास मूत्राचा सामू पाहायचा. यकृत त्यातल्या अमोनियमचा युरिया करते आणि मागे हायड्रोक्लोरिक आम्ल उरते. निरोगी मूत्रपिंड त्याला उत्तर म्हणून सामू 5.3 च्या खाली नेते. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या नलिकेच्या शेवटच्या टप्प्यातले स्रावयंत्र अडलेले असते. काहींत हे यंत्र अर्धवट अडलेले असते, एरवी रक्त ठीक दिसते आणि दोष चाचणीतच उघड होतो. अशा रुग्णांत मूत्र कधीच पुरेसे आम्लधर्मी होत नाही, त्यात सायट्रेट कमी असते, आणि परिणामी कॅल्शियम फॉस्फेटचे मूतखडे पुन्हा पुन्हा होतात. लहान मुलांत वाढ खुंटते आणि हाडे मऊ पडतात.

विदर्भात या दोषाला एक खास महत्त्व आहे. गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, आणि मूत्रपिंडाचा आतला भाग हा रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्यासाठी शरीरातला सर्वांत अनुकूल प्रदेश: प्राणवायू कमी, क्षारांची तीव्रता जास्त. तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्या, की मूत्र घट्ट करण्याची क्षमता आधी जाते, आणि पुष्कळ रुग्णांत ते पुरेसे आम्लधर्मी करण्याची क्षमताही उणावते. रक्तातले आम्ल वाढले की पेशी आणखी वाकतात. हे दुष्टचक्र उन्हाळ्यात, अंगातले पाणी आटल्यावर, लवकर फिरू लागते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा जुलाब किंवा ताप घरी दोन दिवस पाहत बसण्यासारखा नसतो. मूत्रपिंड आणि लाल रक्तपेशी यांचे नाते आणखी एका ठिकाणी जुळते. नलिकेतल्या पेशीकडून रक्ताकडे बायकार्बोनेट पोहोचवणारे प्रथिन हे लाल पेशीच्या आवरणातल्या प्रथिनाचेच थोडे आखूड रूप आहे. त्याच्या जनुकातल्या दोषामुळे काही कुटुंबांत हा नलिकाविकार पिढ्यान्‌पिढ्या चालतो, हे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या संशोधनातून समजले, त्याच्या लेखकांत वयाची सत्तरी ओलांडलेले रॉंग होतेच.

दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात बिघाड वेगळ्या ठिकाणी असतो. तिथे उरलेल्या नलिकांचे स्रावयंत्र बहुधा चालू असते, मूत्राचा सामूही खाली जातो, पण नलिकांची संख्याच घटलेली असते. प्रत्येक उरलेली नलिका आपल्या वाट्यापेक्षा अधिक अमोनिया बनवते. तरी एकूण पोती कमी पडतात आणि बायकार्बोनेटची नवी कमाई खर्चाला पुरत नाही. तूट हाडांतल्या क्षारांतून आणि स्नायूंतल्या प्रथिनांतून भरून निघू लागते, म्हणून हाडे ठिसूळ होतात आणि अंग झडते. अशा रुग्णांना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात. लंडनमध्ये 134 रुग्णांवर केलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षे त्या घेणाऱ्यांची मूत्रपिंडे सावकाश खालावली. परंतु ब्रिटनमध्येच साठीपुढच्या 300 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचा फायदा दिसला नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पूर्वी बायकार्बोनेट 22 च्या खाली गेले की उपचार सुरू करावेत असे म्हटले होते. 2024 च्या सूचनांत ते 18 च्या खाली जाऊ नये एवढ्यावर भर आहे. माझ्या मते हा बदल योग्य आहे. गोळ्यांबरोबर सोडियमही पोटात जाते, आणि ते सूज व रक्तदाब वाढवू शकते.

अमेरिकेत डोनाल्ड वेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळ्यांऐवजी फळे आणि भाज्या देऊन पाहिल्या, आणि वर्षभराने आम्लाधिक्य दोन्ही गटांत कमी झाले. हे वाचून नागपुरात कुणी संत्र्यांची पेटी घरी आणेल, म्हणून त्या अभ्यासातली अट सांगणे भाग आहे: ज्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढण्याचा धोका कमी होता, अशाच रुग्णांना त्यात घेतले होते. संत्र्यातले सायट्रेट पोटॅशियमच्या सोबतीने येते, आणि कमजोर मूत्रपिंड ते पोटॅशियमही नीट बाहेर टाकू शकत नाही. ते वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून अशा रुग्णाने दिवसाला संत्री खावी की नाही, आणि खावी तर किती, हे त्याचा त्या महिन्याचा पोटॅशियमचा अहवाल पाहून त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.